हळदी-कुंकवातलं बदक : सोसायटीतला पक्ष्यांचा कार्यक्रम कसा झाला (आणि कुठं गडबडला)

रानजाई | १९ जानेवारी, रात्री १०.१५

आमच्या सोसायटीत (नागपूर, त्रिमूर्तीनगरच्या बाजूला) संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्यांचं मिळून हळदी-कुंकू असतं. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "तू दुर्बीण घेऊन हिंडतेस ना? मग उखाणे आणि वाण यांच्या मधे वीस मिनिटं पक्ष्यांवर बोल. मागच्या वर्षी बोलायला आलेल्या बाईंनी शेवटी क्रीम विकलं." मी काही विकणार नाही, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

मी हौशी आहे, तज्ज्ञ नाही. सात-आठ वर्षं अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स इकडं सकाळी फिरते, एवढंच. तरी उत्साहाच्या भरात ६२ स्लाइड केल्या. स्थलांतर, अधिवास, अन्नसाखळी, सगळं कोंबलं. आणि प्रोजेक्टरची वायर माझ्या लॅपटॉपला बसेना. समोर चाळीस बायका, लहान मुलं, तिळगुळाचा वास. हातात फक्त तीन मोठे फोटो, जे वाणाच्या टेबलाजवळ शोभेला लावायला छापून आणले होते. तेच तिळगुळाच्या ताटात ठेवून फिरवले.

पहिला फोटो हळदी-कुंकू बदकाचा. प्रसंगाला शोभेल म्हणून निवडला होता. काळी चोच, तिच्या टोकाला पिवळा पट्टा, आणि चोच जिथं सुरू होते तिथं दोन बाजूंना दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्यानं बायकोच्या करंड्याकडं बघूनच ठेवलं असणार. मी सांगायला सुरुवात केली की हे बदक थंडीत पाहुणं येणाऱ्यांपैकी नाही, बारा महिने इथलंच आहे, पाण्याजवळच्या गवतात घरटं करतं. तेवढ्यात मागून, जिथं चहाचे कप भरणं चाललं होतं तिथून, आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "याचे अंडे पाह्यले ना मी! बांधीच्या धुऱ्यावर, गवतात. आठ-दहा रायते. माय उठली का अंडे पिसांनी झाकून जाते."

मावशी भंडाऱ्याकडच्या, ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या. लहानपण तलावाच्या पाळीवर गेलेलं. त्यांना पुढं बोलावलं तर आधी लाजल्या, मग थांबेनात. मी सात वर्षांत या बदकाचं घरटं एकदाही पाहिलेलं नाही. त्या दहा मिनिटं बोलल्या आणि माझ्या वीसपैकी दहा मिनिटं सत्कारणी लागली.

दुसरा फोटो सुगरणीच्या खोप्याचा. आपण शाळेपासून "ती" विणते असं समजत आलो. विणतो नर. अर्धा खोपा विणून झाला की पंख फडफडवत लटकतो आणि मादीला बोलावतो. तिनं आत डोकावून पसंत केला तर पुढचं काम, नाहीतर खोपा तसाच अर्धवट. "म्हणजे फ्लॅट बुकिंगच झालं की," कुणीतरी म्हणालं. मग मी सांगितलं की एकीनं घर मांडलं की हा गडी दुसरा खोपा घ्यायला मोकळा. "दुसरी बायको?" हो. त्यावर जी शांतता पसरली, ती ६२ स्लाइडनी आली नसती.

तिसरा कोकीळ. गाणारा तो काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि आवाज कर्कश किक-किक-किक. ही माहिती निम्म्या जणींना नवी होती. आपल्या अंगणात असूनही दोन वेगळे पक्षी समजत होत्या.

इथपर्यंत मस्त. आता गडबड.

ब विंगमधल्या एक आजी आल्या होत्या. यजमान गेल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, त्या हळदी-कुंकवाला येत नाहीत. आपल्याकडं कसं असतं ते इथं लिहायला नको. यंदा नोटिशीवर मी "पक्ष्यांच्या गप्पा, सगळ्यांनी यावं" असं लिहिलं होतं, ते वाचून आल्या. खुर्ची अगदी कडेला. शेवटी प्रश्नोत्तरांत त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "आमचा राघू आठ वर्षांचा आहे. हिवाळ्यात पिसं फार गाळतो. काय द्यावं?"

मी उत्तर देणार, तोच पहिल्या रांगेतली कायदा शिकणारी पोर ताडकन म्हणाली, "आजी, पोपट पाळणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा." तिचं खरंच होतं. पण चाळीस बायकांनी एकदम माना वळवल्या. आजी काही बोलल्या नाहीत. वाण न घेताच गेल्या.

वाण होतं मातीची परळ, उन्हाळ्यात पाखरांना पाणी ठेवायला. एक परळ माझ्या टेबलावर तशीच पडून आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या वस्तीत, गावात, मंडळात असे कार्यक्रम झालेत का, आणि त्यात माणसांच्या खरोखर लक्षात काय राहतं? दोन, आजींकडं जाऊ की नको?

---

तर्रीबाज | १९ जानेवारी, रात्री १०.३१

आधी हे सांगा, उखाण्यात बदक आलं का नाही?

---

रानजाई | १९ जानेवारी, रात्री १०.४०

आलं ना! मावशींचं ऐकून एकीनं जागच्या जागी जुळवला : "काळ्या चोचीवर हळद, शेजारी कुंकवाची खूण, ---रावांचं नाव घेते दुर्बिणीतून बघून." टाळ्या मला मिळाल्या त्याच्या दुप्पट.

---

पाणवठा | १९ जानेवारी, रात्री ११.२०

वायर बसली नाही हे फार बरं झालं. मी पंधरा वर्षं असले कार्यक्रम करतोय आणि तुम्ही अपघातानं जे केलंत तिथं पोचायला मला त्यातली दहा लागली. एका बैठकीत तीन पक्षी. चौथा सांगितला की पहिला पुसला जातो.

संक्रांतीच्या आठवड्यात बोलताना मांजाबद्दल दोन मिनिटं ठेवत जा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी आपल्या शहरात पतंगाच्या दिवशी झाडांवर काय लटकतं ते सगळ्यांना दिसतं. घारी, बगळे, घुबडं, वटवाघळं. बंदी आहे हे लोकांना ठाऊक असतं. अडकलेला पक्षी सापडला तर करायचं काय, ते ठाऊक नसतं. पंखात रुतलेला धागा ओढायचा नाही. शरीराजवळचा तसाच ठेवून लांबून कापायचा. पक्ष्यावर कापड टाकायचं, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि तडक सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र) गाठायचं. खोक्याचं प्रात्यक्षिक बुटाचा डबा आणि ओढणी घेऊन दाखवा, पोरं आयुष्यभर विसरत नाहीत.

आजींकडं जा. परळ घेऊन जा.

---

भोसलेनगरी_आता_पुण्यात | २० जानेवारी, सकाळी ८.०५

माझा पहिला पक्ष्यांचा वर्ग म्हणजे अजब बंगला. आपलं १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. बाबा सुटीच्या दिवशी सायकलवर बसवून न्यायचे. काचेच्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी, काचेचे डोळे, धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. बाबांना इंग्रजी नावं वाचता येत नसत. ते आपल्या मनानं सांगायचे : हा मासे खाणारा, हा रात्री वरडणारा, हा तुझ्या आजीच्या शेतात येतो तो. घरी जाताना खरा कोतवाल तारेवर दिसला की म्हणायचे, "पाहा, कपाटातून सुटून आला."

आता पुण्यात माझ्या मुलीच्या शाळेत पक्षिनिरीक्षण क्लब आहे. तिला शास्त्रीय नावं येतात. "आजीच्या शेतात येतो तो" मात्र तिला कुणी सांगितलेला नाही. रडगाणं नाही हं, सहज आठवलं.

---

कामठीचे_गुरुजी | २० जानेवारी, दुपारी १.४०

लक्षात काय राहतं याबद्दल शाळेतला अनुभव.

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. तर एका वर्षी आम्ही बाहेरून वक्ते बोलावले. माणूस भला, फोटो अप्रतिम. पण दीड तासात शंभरावर पक्षी, सगळी नावं इंग्रजीत. सातवीतली पोरं पंख्याकडं बघत बसली. शेवटी मी विचारलं, आज काय पाहिलं? एक जण म्हणाला, "सर, कॅमेरा लय मोठा होता."

पुढच्या वर्षी कुणालाच बोलावलं नाही. मुलांना सांगितलं, संध्याकाळी कावळे कुठं झोपायला जातात ते शोधून या. बस. आठवडाभर गावात धुमाकूळ. कुणी सायकलवर कावळ्यांमागं, कुणी छतावर. चौथ्या दिवशी बातमी आली की जुन्या कडुनिंबांच्या रांगेत हजारेक तरी उतरतात. मग सगळा वर्ग, अर्धे पालक आणि एक चहावाला असे मिळून अंधार पडेपर्यंत ते बघत उभे राहिलो. कावळ्यांच्या अशा वस्तीला चितमपल्लींनी "काकागार" शब्द दिलाय आणि बगळ्यांच्या वस्तीला "सारंगागार", एवढंच मी तिथं सांगितलं. आज ती मुलं दहावीत आहेत. परवा एकानं गल्लीतल्या एका घराला, जिथं सगळे सारखे भांडत असतात, काकागार म्हटलेलं मी कानानं ऐकलं. शब्द रुजला म्हणायचा.

चितमपल्ली सर गेल्या वर्षी १८ जूनला गेले. ९२ वर्षांचे होते. वनखात्यात नोकरी करताना नवेगावबांधला त्यांनी गोंड, ढिवर, माधवराव पाटील डोंगरवारांसारखी माणसं यांच्याकडून जे टिपून घेतलं, त्यावर त्यांचं पुढचं लिखाण उभं राहिलं. त्यामुळं तुमच्या मावशी चहाचे कप भरता भरता बोलल्या याचं मला नवल वाटलं नाही. त्यांना व्यासपीठाच्या मागं का ठेवलं होतं, याचं वाटलं.

---

रानजाई | २० जानेवारी, दुपारी २.१०

गुरुजी, लागलं. बरोबर आहे.

---

सडेतोड | २० जानेवारी, रात्री ९.००

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. गेल्या हिवाळ्यात मी एका ग्रुपच्या "पक्षी सहली"ला गेलो होतो. नाव घेत नाही. ६० लोक. लाल-पिवळी जॅकेटं, परफ्यूम, ब्लूटूथ स्पीकर. तलावावर पोचायच्या आत वारकऱ्यांचा थवा मधोमध निघून गेला. (वारकरी म्हणजे काळं पाणपाखरू, कपाळावर पांढरा टिळा असणारं. नवीन लोकांसाठी.) मग एका फोटोग्राफरनं मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला, बिचारा स्वर्गीय नर्तक आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून झुडपाभोवती वेड्यासारखा फिरायला लागला. सगळ्यांना फोटो मिळाले. नंतर पोहे, ग्रुप फोटो, हॅशटॅग. पक्ष्यांबद्दल एक अक्षर नाही.

लोक जमवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

---

तर्रीबाज | २० जानेवारी, रात्री ९.१२

बाकी सगळं मान्य, पोह्यांवर घसरू नका भाऊ. थंडीत सहा वाजता उठून चिखल तुडवल्यावर चना-तर्रीचे पोहे पोटात गेले पाहिजेत. मी तर पक्षी पाहायला त्यासाठीच जातो, लपवून काय करू? पण सांगतो, त्या टपरीवर प्लेट हातात धरून जेवढे पक्षी कळले तेवढे तलावावर नाही कळले. सकाळी कोणी काय पाह्यलं, कोणाचं काय चुकलं, हे सगळं तिथंच निघते.

मागं आमच्यातल्या एकाच्या ॲपनं आवाज ऐकून शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) सांगितला. सगळे वर पाहून राह्यले. झाडावर कोतवाल बसून. अर्धा तास शिक्रा शोधला. मग टपरीवर एक म्हातारे काका, पेपर वाचत बसले होते, ते म्हणाले, "कोतवालच काढते तो आवाज. बाकीच्यांना भ्या दाखवते न् किडा पळवते." आता बोला!

---

पाणवठा | २० जानेवारी, रात्री ९.५०

काका शंभर टक्के बरोबर. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. ॲपनं आवाज बरोबरच ओळखला, काढणारा चुकला. म्हणून मर्लिनसारखं ॲप जरूर वापरा, पण पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत लिहू नका.

सडेतोड, तुमची तक्रार रास्त आहे. आम्ही एका वेळी बारा माणसं नेतो, तेरावा पुढच्या रविवारी. आवाज लावणं बंद, विणीच्या दिवसांत तर अजिबातच. घरट्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्मे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. येतात ते टिकतात.

---

धुऱ्यावरचा | २१ जानेवारी, सकाळी ६.३०

भिवापूरकडचा शेतकरी हाय. वाचतो रोज, लिहीत नाही.

आमाले पाखरं शिकवाले कोनी आलं नाही. बुढा शिकवे. मिरगाच्या आधी पावशा वरडला का म्हने, "आयकलं का? पेर्ते व्हा म्हनते." आमी बियाणं काढाले लागत जावो. भारद्वाजाले आमच्याकडं कुंभारकावळा म्हनते. तो उजव्या हाताले दिसला तं दिवस चांगला. टिटवीनं उंच जागी अंडे घातले तं पानी दनकून येते, खाली बुडात घातले तं दुष्काळ.

आता शिकलेले पोरं म्हनते हे सारं खोटं. मले इचारायचं आहे, टिटवीचं तरी खरं हाय का नाही?

---

पाणवठा | २१ जानेवारी, सकाळी ७.१५

दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

टिटवीची वीण मार्चपासून सुरू होते, पावसाच्या कितीतरी आधी. ती घरटं बांधतच नाही. मोकळ्या जमिनीवर उथळ खळगा, भोवती चार खडे. अंडी मातीच्या रंगाची, काळ्या डागांची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. पुढच्या पावसाचा अंदाज तिला नसतो. पण आजोबांनी दरवर्षी अंडी कुठं आहेत हे शोधून ध्यानात ठेवलं, तेवढं निरीक्षण आमच्यातले कमी लोक करतात. नांगरताना, वखरताना ती अंडी वाचली असतील तर त्याच नजरेमुळं.

पावशाचं बरोबर आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर तो रात्रंदिवस ओरडतो, कारण ज्यांच्या घरट्यात त्याला अंडी घालायची त्या सातभाई पक्ष्यांची वीण तेव्हा जोरात असते. चातकाचंही तेच. तो मान्सूनच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि अंडी सातभाईंच्याच गळ्यात मारतो. देशभरातले हौशी लोक पहिला चातक कधी दिसला याच्या तारखा कळवत आले आहेत. तुम्ही यंदा मिरगाच्या आसपास पहिला चातक दिसला ती तारीख नुसती वहीत लिहून ठेवाल का? शहरातल्या दहा जणांपेक्षा शेतात राहणाऱ्या एकाची तारीख मोलाची.

---

धुऱ्यावरचा | २१ जानेवारी, सकाळी ७.४०

लिहितो. डोक्यावर तुरा, पोटाखालून पांढरा, तोच ना? आमच्याकडं दिसते.

---

कोजागिरी | २१ जानेवारी, दुपारी ४.२५

आजींच्या प्रश्नाकडं कुणी नीट वळलंच नाही म्हणून लिहिते.

त्या मुलीला बोलू नका. आपल्याकडचे सगळे देशी पोपट कायद्यानं संरक्षित आहेत, विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. पिंजऱ्यातला एक पोपट दिसतो, पण त्याच्या पाठीमागं ढोलीतून काढलेली आणि वाटेत मेलेली किती पिल्लं असतात याचा विचार होत नाही. हे जाहीरपणे बोललं पाहिजे.

पण जाहीरपणे बोलणं वेगळं आणि एकट्या बाईकडं बोट दाखवून बोलणं वेगळं. बारा वर्षांनी कार्यक्रमाला आलेली बाई. तिच्या घरात बोलणारं दुसरं कोण आहे, हे कुणी विचारलं का?

आणि महत्त्वाचं. घाबरून पिंजरा उघडून राघू सोडून दिला असं होऊ देऊ नका. आठ वर्षं पिंजऱ्यात असलेल्या पक्ष्याच्या पंखात बळ नसतं, अन्न शोधता येत नाही. कावळे आणि मांजरं तासाभरात निकाल लावतात. वनखात्याकडं किंवा वर सांगितलेल्या उपचार केंद्राकडं नेणं हाच रस्ता.

---

सडेतोड | २१ जानेवारी, संध्याकाळी ६.००

हे मात्र पटलं.

---

रानजाई | २५ जानेवारी, रात्री ९.३०

आज रथसप्तमी. दोन बातम्या आहेत.

पहिली : बायकांनी हट्ट धरला म्हणून सकाळी उमरेड रोडच्या बाजूच्या एका तलावावर गेलो. (नाव मुद्दाम देत नाही. सडेतोडांनी कारण आधीच लिहिलंय.) पाणवठा यांचा नियम पाळून बाराच जणी, त्यात मावशी. आज त्या चहा करायला नव्हत्या, दुर्बीण धरायला होत्या. धुकं हटलं तसे थापटे दिसले, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरणारे. शेकाटे दिसले, गुलाबी काटकुळ्या पायांचे. पाणी जिथं संपतं तिथं पट्टकादंबांची रांग गवतात चरत होती. हे राजहंस हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरवरून उडताना त्यांची नोंद झालीय, असं मी सांगितलं. त्यावर एक जण म्हणाली, "आणि आपण तिसऱ्या मजल्याला लिफ्ट लावतो."

हळदी-कुंकू बदक मात्र तासभर दिसेना. मी हिरमुसले. मावशी म्हणाल्या, "मधात पाहू नका, काठाकाठानं पाहा. त्याले बेशरमाची झुडपं आवडते." बेशरमाच्या आडोशाला चार होती! दुर्बिणीतून ते दोन लाल ठिपके दिसल्यावर बारा जणींनी जी काही किंकाळी दाबली, ती दाबली म्हणूनच पुढं दहा मिनिटं बघता आलं.

दुसरी : आजींकडं जाऊन आले, गुरुवारी. परळ घेऊन.

दार उघडलं, परळ पाहिली आणि म्हणाल्या, "पोलिसांना आणलंस का?" मी रडायच्या बेतात. मग त्याच हसल्या. चहा झाला. राघू स्वयंपाकघराच्या खिडकीत, आजींनी भांडं आपटलं की तो शिट्टी वाजवतो. यजमान गेल्यावर चार-पाच वर्षांनी मुलानं आणून दिला होता, "सोबत म्हणून". मुलगा बाहेरदेशी.

मी पिसं बघायला जवळ गेले. पोपटाचा गळा नीट पाहिला आणि विचारलं, याला गळ्यात काळी-गुलाबी रेघ कधी आली का? "नाही ब्वा." म्हटलं, आजी, नराला दोन-तीन वर्षांत कंठ फुटतो. आठ वर्षांत नाही फुटला म्हणजे हा राघू नाही, ही बाई आहे.

आजी दोन मिनिटं पिंजऱ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ वर्षं मी हिला अरे-तुरे करते आहे. आणि ही पण काही बोलली नाही."

कायद्याचं मी काढलं नाही. निघताना त्यांनीच काढलं. केंद्र कुठं आहे, तिथं पिंजरा असतो का मोठी जाळी, भेटायला जाता येतं का, विचारलं. मी म्हटलं चौकशी करते.

---

तर्रीबाज | २५ जानेवारी, रात्री ९.४१

"ही पण काही बोलली नाही." बाप्पा.

---

कोजागिरी | २५ जानेवारी, रात्री १०.०५

घाई करू नका, पण फार लांबवूही नका. चौकशीला मी बरोबर येते, सेमिनरी हिल्सला माझं ऑफिस जवळ आहे.

---

पाणवठा | २ फेब्रुवारी, सकाळी ७.००

धागा वर काढतो. फेब्रुवारीच्या मध्यावर, यंदा १३ ते १६ तारखेला, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट आहे. अमेरिकेत १९९८ ला सुरू झालं, आपल्याकडं २०१३ पासून. नाव अवघड, काम सोपं : गच्ची, अंगण, बाग, कुठंही किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसले-ऐकले ते पक्षी मोजायचे, आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. कावळा-कबुतरही मोजायचे, त्यांनाच लोक विसरतात. सोसायटीच्या गच्चीवर करा. पळस फुलायला लागलेत, त्यावर भोरड्यांचे थवे आणि शिंजीर हमखास मिळतील. ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी कागदावर रेघा मारा, यादी पोरं टाकतील.

आणि हो, ओळखता न आलेला पक्षी ओढूनताणून कशात तरी बसवू नका. वर्णन लिहून इथं विचारा.

---

रानजाई | १५ फेब्रुवारी, रात्री ८.५०

आज संध्याकाळी गच्चीवर केलं. नऊ मोठे, सहा पोरं, आजी खुर्चीवर. कायदा शिकणारी पोर यादी लिहीत होती आणि आजींच्या शेजारीच बसली होती. कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं.

साडेपाच ते सहा-वीस. कावळे २३, पारवे ४०, साळुंक्या १७, वेडे राघू ६ (नावात राघू, पण पोपट नव्हे), घारी ४, तांबट १ (नुसता आवाज, टुक टुक), राखी धनेश २! धनेश आमच्या पिंपळावर येतात हे समोरच्या दुकानदाराला माहीत होतं, आम्हाला नाही.

सहाच्या सुमारास पोपट. त्यांची झोपायला जायची वेळ. पश्चिमेकडून ओरडत, पाच-पाच, आठ-आठचे थवे. मोजायचं काम आजींकडं दिलं होतं. मी मधेच काहीतरी विचारायला गेले तर हातानंच गप्प केलं. "मोजून राह्यली ना मी. बोलू नको." एक्केचाळीस.

आजींची राघी मंगळवारी केंद्रात जायची आहे. कोजागिरी येणार आहेत, ती पोरही येते म्हणाली. आजी म्हणाल्या, पिंजरा परत आणायचा, त्यात तुळस लावीन.

एक पक्षी ओळखता आला नाही. पाण्याच्या टाकीजवळ, चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट तपकिरी, एकटाच, शेपटी वर करून उड्या मारत होता. कुणी सांगेल का?

---

पाणवठा | १५ फेब्रुवारी, रात्री ९.१०

चिरकाची मादी वाटते. शेपटीच्या खाली विटकरी रंग होता का?

---

रानजाई | १५ फेब्रुवारी, रात्री ९.१८

होता. आजींनी तेव्हाच सांगितलं होतं, "बुडाखाली विटेसारखं आहे बघ." मीच लिहायला विसरले.